आडनावाने वकील, कामाने हिशेबनीस

१९८५ साली आईला रक्तदाब असल्याचे निघाले. त्याआधी कित्येक वर्षे तिला रात्रीची धड झोप नव्हती. बीडच्या आमच्या माळवदाच्या घरात ती पहाटेपर्यंत कूस बदलत पडायची. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या रस्त्याने जायच्या, तेव्हा त्यांची घुंगरे घरात सर्वांत आधी तिलाच ऐकू येत. डॉक्टरांनी रक्तदाबावर एक लहानशी, स्वस्त गोळी सुरू केली. दाब उतरला, आणि आईला झोपही लागू लागली. मी तेव्हा अंबाजोगाईच्या शाखेत नोकरीला होतो. शनिवारी घरी आलो की ती शांत झोपलेली दिसे आणि बरे वाटे.

सहा-सात महिन्यांनी ध्यानात आले, की आई आता भाजीवालीशी घासाघीस करत नाही, देवापुढे गुणगुणत नाही आणि मी निघताना दारापर्यंतही येत नाही. एके दिवशी मी त्या गोळ्यांची पट्टी उलटून नाव वाचले. आत इतर औषधांबरोबर रेसर्पिन होते. हे रेसर्पिन सर्पगंधा नावाच्या वनस्पतीच्या मुळीतून निघते, हे कळले तेव्हा कुतूहल चाळवले. त्या मुळीच्या मागावर जाता जाता मला डॉ. रुस्तम जाल वकील भेटले. अर्थात कागदावर. ते १९७४ सालीच वारले होते.

वकील हे पारशी, जन्म १९११ चा. लंडनला जाऊन त्यांनी वैद्यकातले वरचे शिक्षण घेतले आणि परतून मुंबईत केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे काम केले. डॉ. गोलवाला यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या रोगनिदानाच्या पुस्तकावर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या घडल्या. पण जगाने त्यांची दखल घेतली ती सर्पगंधेमुळे.

सर्पगंधा त्यांनी शोधली नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. साप चावल्यावर, वेड लागल्यावर, झोप उडाल्यावर ही मुळी देण्याची रीत आपल्या देशात फार जुनी. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोन डॉक्टरांनी १९३१ मध्येच ती उन्मादावर आणि रक्तदाबावर चालते, असे लिहून ठेवले होते. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी दिल्लीत तिच्यातली द्रव्ये वेगळी केली. तरीही बाहेरच्या जगाला ती जडीबुटीच वाटत राहिली.

त्या काळी रक्तदाबावर हुकमी औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांपाशीही हा दाब उतरवील अशी गोळी नव्हती. अशा वेळी वकिलांनी मुंबईत ५० रुग्ण निवडले, त्यांना सर्पगंधा दिली, दाब मोजले आणि आकडे मांडून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या. तोंडी व्यवहार आणि वहीत उतरलेला व्यवहार यांत काय अंतर असते, ते मला ठाऊक आहे. वकिलांनी एका जुन्या तोंडी व्यवहाराची वही घातली. त्यांचे मोठेपण यात आहे.

पुढचे फार वेगाने घडले. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी तो लेख वाचून औषध आपल्या रुग्णांना दिले. दाब तर उतरलाच, शिवाय रुग्णांची धास्ती कमी झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले. न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते बेभान रुग्णांना दिले. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार वकिलांना इतरांसह मिळाला आणि १९५८ साली पद्मभूषण.

मग प्रश्न आला, हे औषध मेंदूत करते तरी काय? सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन आणि डोपामिन ही मेंदूतल्या पेशींची निरोप पोचवणारी द्रव्ये. पेशी ती आतल्या इवल्या पिशव्यांत साठवून ठेवते आणि निरोप द्यायचा झाला की पिशवी बाहेर रिती करते. मला ही पिशवी म्हणजे शाखेतली तिजोरी वाटते. दिवसभराची रोकड तिजोरीत गेली पाहिजे. रेसर्पिन त्या तिजोरीचे दारच अडकवून टाकते. रोकड काउंटरवर पडून राहते आणि वाळवीने नोटा खाव्यात तसे पेशीतले एक एन्झाइम तिचा फडशा पाडते. साठा संपतो. रक्तवाहिन्यांना आवळणारा निरोप क्षीण होतो, म्हणून दाब उतरतो. मेंदूला तरतरीत ठेवणारे निरोपही क्षीण होतात, म्हणून माणूस शांत होतो, पेंगतो. गोळी थांबवली तरी नव्या तिजोऱ्या घडेपर्यंत बरेच दिवस जातात.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचले. मेंदूत त्याचे डोपामिन बनते. ससे काही मिनिटांत जागे होऊन हिंडू लागले. कंपवातावरच्या औषधाची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

मात्र तिजोरी बंद पडली की झोपेआड येणाऱ्या निरोपांबरोबर आनंदाचे निरोपही अडतात. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे डॉक्टर १९५० च्या दशकातच लिहू लागले होते. आजच्या अभ्यासकांना हा संबंध तेव्हा वाटला तितका सरळ वाटत नाही. तरी पुढे अधिक नेमकी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. निद्रानाशावरची नवी औषधे तर एकाच निरोपाला हात घालतात. जागे ठेवणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये सापडले. त्याची जागा अडवून धरणारे सुव्होरेक्संट अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. रेसर्पिन सगळी शाखा बंद करी, हे औषध एकच घंटा थांबवते.

आईची गोळी आम्ही डॉक्टरांना सांगून बदलून घेतली. महिना-दीड महिन्याने एका शनिवारी घरी पोचलो, तर दारात आई भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होती. त्या रात्री ती पुन्हा जागी होती. ते गुमसुमपण गोळीचेच होते की आणखी कशाचे, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण वकिलांनी रक्तदाबाचे आकडे मांडले, तशी कुणीतरी आईच्या हसण्याबोलण्याची नोंदही ठेवायला हवी होती. ते काम घरातल्यांचे होते, आणि हिशेबात मुरलेल्या मला त्याला सहा-सात महिने लागले.