इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांचे मंडळ

परप्रांतात राहून आपल्या मंडळाने पन्नास वर्षांचा टप्पा गाठला, ही आम्हां सर्वांच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय. या मंगल प्रसंगी कोणाचे स्मरण करावे असा विचार करता इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे नाव आमच्यापुढे आले. ते थोर संशोधक होते हे सर्वश्रुत आहे. परंतु सामान्य माणसांनी विनावेतन चालविलेली संस्था काय करू शकते, याचा वस्तुपाठही त्यांच्याच चरित्रात सापडतो.

राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. पितृछत्र बालपणीच हरपले. पुण्यात शिक्षण झाले, डेक्कन कॉलेजातून पदवी मिळाली. तरुण वयातच पत्नीचा वियोग घडला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. काही काळ शिक्षकी केली, 'भाषांतर' नावाचे मासिक चालविले. सरकारी नोकरीचा सुखाचा मार्ग मोकळा असता त्यांनी तो धरला नाही. आपले लेखन मराठीतच करावयाचे हा निश्चय मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ, अशी समजूत होती. त्याला उत्तर द्यावयाचे तर अस्सल कागद हवेत. पेशवे दफ्तर सरकारच्या ताब्यात. एतद्देशीय अभ्यासकास तेथे सहज प्रवेश नव्हता. मग राजवाडे यांनी दुसरे दफ्तर शोधले. ते होते गावोगावच्या वाड्यांतील माळ्यांवर, देवघरांतील पेट्यांत, कुलकर्ण्यांच्या रुमालांत. वाई येथे हाती आलेल्या पत्रांतून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील ती पत्रे होती. पानिपताच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना रसदेसाठी, पैशासाठी लिहिलेली पत्रे वाचकांनी वाचली, आणि बखरींतून ऐकलेला तो प्रलय प्रथमच तारीखवार डोळ्यांसमोर उभा राहिला. पुढे या मालेचे एकंदर २२ खंड झाले.

हे सारे कार्य त्यांनी जवळजवळ फकिरी वृत्तीने केले. पायी हिंडावे, हाताने रांधावे, साधे जाडेभरडे वस्त्र ल्यावे आणि ज्याच्या घरी कागद असतील त्याची मनधरणी करावी, असा त्यांचा क्रम होता. कोणी दप्तर दाखवीत, कोणी वतनाचा पुरावा बाहेर जाईल या भीतीने दार लावून घेत. कित्येक ठिकाणी वाळवीने आणि पावसाने त्यांच्या आधीच काम उरकलेले असे.

एका माणसाच्या पायांना मर्यादा असते, हे त्यांनी ओळखले. जमा झालेले कागद ठेवावयाचे कोठे, आणि आपल्यामागे ते वाचील कोण? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्यामागे राजाश्रय नव्हता, पगारी नोकरवर्ग नव्हता. हेतू अगदी साधा: कागद मिळवावे, जतन करावे, मोडीतून बाळबोधीत उतरावे, सभेत वाचावे, त्यावर मोकळी चर्चा करावी आणि छापून सर्वांच्या स्वाधीन करावे. इतिहास ही पंडितांची मिरास नव्हे. ज्याच्या घरी कागद आहे आणि ज्याला मोडी वाचता येते, तो या यज्ञातील ऋत्विज होय, अशी ती भूमिका होती.

या भूमिकेचे फळ लवकरच दिसले. भोर संस्थानातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये ती मंडळामार्फत उजेडात आणली. एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या थोड्या पानांमुळे शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा रूढ समज हलला आणि १६२७ ऐवजी १६३० हे वर्ष पुढे आले. नंतर सदाशिव महादेव दिवेकर यांनी कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील तिथीनेही याच मताला पुष्टी मिळाली. आणि हे काव्य सापडले कोठे? पुण्यास नव्हे, साताऱ्यासही नव्हे. ते तंजावरच्या सरस्वती महालात सुखरूप राहिले होते! स्वतः राजवाडे यांनी १९२२ मध्ये छापलेल्या जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'तही बंगळूरच्या शहाजीराजांचा बहुभाषी दरबार आढळतो. घरापासून दूर गेलेल्या मराठी माणसांनी काय जपले, याची ही साक्ष आहे.

राजवाडे यांना देवपण देण्याचा आमचा मानस नाही. त्यांचा स्वभाव तापट होता, मते टोकाची होती. त्यांच्या प्रस्तावनांतील अनेक अनुमाने आणि व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांनी अमान्य केल्या. जातींविषयीच्या त्यांच्या कित्येक विधानांवर रास्त आक्षेप घेतले गेले. परंतु ते आक्षेप घेण्याचे साधनही त्यांनीच छापून ठेवले होते, हे विसरता येत नाही. मंडळातील सहकाऱ्यांशीही त्यांचे पटले नाही. आपणच लाविलेल्या रोपापासून ते दूर झाले. अखेरचा काळ धुळ्यास गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

आमच्या मते त्यांच्या चरित्रातील खरा बोध येथेच आहे. संस्थापक रागावून गेला, तरी संस्था उभी राहिली. दत्तो वामन पोतदारांसारख्यांनी ती पुढे वाहिली. लक्षावधी कागद तेथे जमले. धुळ्यासही राजवाडे यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. एकट्याचे तेज एका आयुष्यापुरते. अनेकांनी थोडेथोडे केलेले काम मात्र पिढ्या ओलांडते.

आपणांपैकी अनेकांचे पूर्वज कोणी फौजेबरोबर, कोणी रेल्वेच्या किंवा गिरणीच्या नोकरीसाठी, कोणी संस्थानिकांच्या दरबारी या दूरदेशी आले. त्यांची पत्रे, रोजनिशा, लग्नपत्रिका, जमाखर्चाच्या वह्या कोठे आहेत? घर बदलताना त्या रद्दीत गेल्या नसतील ना? जुन्या मंडळींपैकी ज्यांना मोडी येते असे किती उरले? आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या सभावृत्तांची वही, गणेशोत्सवाचे जुने कार्यक्रम, नाटकांची छायाचित्रे, वर्गणीच्या पावत्या हेही उद्याच्या अभ्यासकाचे अस्सल साधन आहे.

म्हणून आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे की, या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने घरातील एक तरी जुनी पेटी उघडावी. जे सापडेल त्यावर कोणाचे, कोठले, केव्हाचे एवढे लिहून ठेवावे आणि त्याची एक प्रत मंडळाच्या कपाटात द्यावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच उतरून घ्याव्यात. यास विद्वत्ता लागत नाही, द्रव्यही फारसे लागत नाही. लागते ती थोडी आस्था आणि पुष्कळ चिकाटी. राजवाडे यांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन आम्हांस सुचत नाही.