जपानी तलवार आणि जनरल थोरात

मी जुनी शस्त्रे जमवतो, हे आता करकंबच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक झाले आहे. पंढरपूर तालुक्यातल्या कुठल्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेली कट्यार सापडली की ती आमच्या ओसरीवर येते. बहुतेक वस्तू देशीच असतात. क्वचित एखादा गृहस्थ जुन्या धोतरात गुंडाळलेली लांब वस्तू सोडतो आणि आजोबांनी ब्रह्मदेशाच्या लढाईतून आणलेली जपानी तलवार म्हणून पुढे ठेवतो. त्या आघाडीवर आपले हजारो जवान होते, तेव्हा हे अशक्य मुळीच नाही. तरीही मी आधी तलवार पाहतो, मग गोष्ट ऐकतो. आणि दर वेळी लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात आठवतात. अशा तलवारी कमरेला लावलेल्या सैन्याशी ज्या मराठी माणसाने समोरासमोर झुंज दिली, तो हा.

थोरातांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले. हिंदी अधिकाऱ्याला लढाईत पलटणीचे नेतृत्व झेपेल की नाही, याची शंका गोऱ्या साहेबांना तेव्हा फार. त्या शंकेला उत्तर मिळाले जानेवारी १९४५ मध्ये, आराकानच्या किनाऱ्यालगत कांगॉ येथे. ५१ व्या हिंदी ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांकडे होत्या: थिमय्या, सेन आणि थोरात. माघार घेणाऱ्या जपान्यांची वाट अडवायची होती आणि वाटेवरच्या टेकड्या त्यांच्या ताब्यात होत्या. थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या पलटणीने 'मेलरोज' नावाची टेकडी संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ हा शौर्याचा सन्मान मिळाला.

आता तलवारीकडे वळू. जपानी सैन्यात अधिकारीच काय, हवालदाराच्या दर्जाचे लोकही तलवार बाळगत. १९३५ च्या नमुन्याची हवालदारी तलवार कारखान्यातली. तिची मूठ अ‍ॅल्युमिनियमची ओतीव, वर दोरी गुंडाळल्याचा केवळ भास, आणि पात्यावर ठोकलेला अनुक्रमांक. तोच आकडा म्यानावर नसेल तर जोडी जमवलेली आहे असे समजावे. अधिकाऱ्याच्या तलवारीची मूठ मात्र खरोखर दोरीने बांधलेली असते आणि दोरीखाली पाकट माशाचे खरबरीत कातडे दिसते. मुठीला लटकणाऱ्या गोंड्याच्या रंगावरून हुद्दाही कळतो.

खरी परीक्षा मुठीच्या आत. बांबूची खुंटी काढली की पात्याचा आत शिरणारा भाग दिसतो. त्यावर कारागिराचे नाव असते, कधी शिक्काही. शिक्का असला की बहुधा युद्धकाळातले पाते. कधी कधी अधिकारी घराण्यातले दोन-तीनशे वर्षांचे पाते लष्करी साजात बसवून आणी. तशी तलवार सापडली तर संग्राहकाचे भाग्यच. त्या भागावरचा गंज म्हणजे तिचा जन्मदाखला. तो घासून चकचकीत केलेला पाहिला की माझा जीव कळवळतो. अलीकडे नकलांचाही सुळसुळाट झाला आहे. त्यांचा गंज आम्लाने आणलेला, एकसारखा लाल. आणि घेण्यापूर्वी पोलिसांकडे परवान्याची चौकशी करावी, हे सांगणे माझे कर्तव्य.

पण या खुणा तलवार कुठे घडली एवढेच सांगतात, ती आपल्याकडे कशी आली ते नाही. रणांगणावर पडलेल्या तलवारी थोड्या. १९४५ च्या शरणागतीनंतर मॅकआर्थरला तलवारी अर्पण करण्याचा समारंभ नको होता, माउंटबॅटनने मात्र आग्नेय आशियात तो आग्रहाने करवला. जपानी अधिकाऱ्यांनी सैनिकांदेखत तलवारी खाली ठेवल्या. म्हणून तलवारीसोबत पलटणीचे नाव, फोटो, आजोबांचे सेवापुस्तक असे काही मिळाले तर मी किमतीत घासाघीस करत नाही. कागदाविना शौर्यकथेचे जादा पैसे मात्र देत नाही.

थोरातांचे मोठेपण तर पुढे शस्त्राविनाच दिसले. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारतीय तुकडी गेली, तिचे प्रमुख थोरात. मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी ताब्यात घ्यायचे, हे काम लढाईहून अवघड. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आपल्या आवारात ओलीस धरले. थोरात शस्त्र न घेता आत शिरले, त्या खवळलेल्या जमावाशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून आणले. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते. त्यांनी तो दिला नाही.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी चीनचा धोका ओळखला. १९५९ मध्ये इशारा पाठवला आणि मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा लष्करी सराव घेऊन चीन कसा चालून येईल ते मांडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्यात निव्वळ भीती पाहिली. १९६१ मध्ये थिमय्यांनंतर सरसेनापतिपद थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा आल्या त्या बऱ्याच अंशी त्यांनी नकाशावर आखलेल्या वाटांनीच. तेव्हा नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि ही योजना आपल्यापर्यंत का पोहोचली नाही, याची विचारणा केली. थोरात नंतर कोल्हापुरात राहिले. १९८६ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले आणि १९९२ मध्ये ते गेले.