पंडिता रमाबाई : पाठांतराकडून वाचनाकडे

गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर स्नान करून आलेला भाविक निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो आणि गुरुचरित्राची पोथी उघडतो. सात दिवसांचे पारायण करण्यासाठी गोव्यातूनही अनेक कुटुंबे तेथे जातात. धर्मग्रंथ पुण्यासाठी वाचावा की स्वतःला बदलण्यासाठी, हा प्रश्न अशा वेळी कुणाच्याही मनात येऊ शकतो. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याला याच प्रश्नाने वळण दिले. गाणगापूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या गुलबर्ग्यात त्यांनी पुढे शाळा काढली, हे मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक होते. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे म्हणणाऱ्या या शास्त्रीबोवांनी पत्नीला शिकवले आणि आईने लेकीला. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जाई, देवळात वा घाटावर पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. ग्रंथ त्यांच्या जिभेवर होता आणि घरची चूलही त्यावरच पेटत होती.

दुष्काळाने ही चूल विझवली. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण मनात जुन्या श्रद्धेची जागा रिकामीच होती. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. सिल्चरच्या घरात पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि त्या कुतूहलाने वाचू लागल्या. १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी करीत होत्या, ते त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात पाहिले. ही करुणा कोठून येते, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. आजवर पाठ केलेल्या ग्रंथांत स्त्रीला आणि शूद्राला मिळालेले स्थान त्यांना सलत होते. या कथेत गुरू स्वतः होऊन अव्हेरलेल्या बाईशी बोलत होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई शास्त्र्याच्या मुलीसारख्याच वाचत राहिल्या: तर्काने, शंकेने, सिद्धान्तावर वाद घालत. सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांनी वाचले. धर्मोपदेशक झाल्यावर कितीतरी काळाने त्याला अंतरीची जाग आली होती. आपणही धर्म स्वीकारला, पण ज्याच्यासाठी स्वीकारला तो अद्याप भेटलाच नाही, हे रमाबाईंना उमगले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी याची प्रांजळ कबुली दिली आहे. त्यानंतर त्या बायबलकडे वळल्या ते स्वतःची परीक्षा करण्यासाठी. विद्वत्तेचा आधार सुटला आणि मन निवांत झाले.

याची किंमतही मोजावी लागली. १८८९ मध्ये स्थापलेल्या शारदा सदनातील काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्याने १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-स्त्रियांना त्यांनी आणले. स्वतः उपाशी भटकलेल्या बाईला ती भूक ओळखीची होती. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले.

केडगावहून पूर्वेला जाणारा लोहमार्ग दौंड, सोलापूर, गाणगापूर रोड करीत गुलबर्ग्याला पोचतो. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या त्या गावी १९१२ च्या सुमारास त्यांनी शाळा सुरू केली आणि मनोरमेने तिची धुरा वाहिली.

शेवटची दीड दशके रमाबाईंनी एकाच कामाला दिली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेही खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या भाषेत. छपाईचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी हे काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

गुरुचरित्र स्त्रियांनी वाचावे की नाही, हा वाद आजही अधूनमधून ऐकू येतो. रमाबाईंनी वाद न घालता बाईच्या हाती तिला कळणारा ग्रंथ ठेवला. पोथी कोणतीही असो, तिची पाने उलटताना वाचणाराही आतून उलगडला पाहिजे, हे त्यांनी जगून दाखवले.