दयाळू शोमरोनी आणि आपले गाडगेबाबा

वाचन : लूक 10:25-37



आजचा शास्त्रभाग आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. यरीहोच्या वाटेवर एक माणूस लुटारूंच्या हाती सापडतो. याजक येतो, बघतो, बाजूने निघून जातो. लेवीही तेच करतो. आणि ज्याला यहूदी आपल्यात धरत नव्हते तो शोमरोनी थांबतो. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पण पुढची ओळ आपण घाईत वाचतो. शोमरोन्याने त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले, आणि जास्त लागले तर परत येताना देईन असंही सांगून ठेवलं. दीनार म्हणजे त्या काळी मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे बघा, दया डोळ्यांत सुरू झाली आणि खिशापर्यंत पोचली. तिथेही थांबली नाही, परत येण्याचा शब्द देऊन गेली.

डिसेंबर महिना आहे. 20 तारखेला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी, आणि पाच दिवसांनी आपला नाताळ. आपण कॅरोलच्या तयारीत असतो तेव्हा इकडे अमरावतीत गाडगेनगरच्या समाधीवर खेड्यापाड्यातून माणसं येत असतात. मला दरवर्षी वाटतं, हा दाखला समजून घ्यायचा तर आपल्या वऱ्हाडातल्या या माणसाचं आयुष्य एकदा नीट बघावं. बाबा ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना ओढूनताणून ख्रिस्ती करण्याचा माझा हेतू नाही. दाखल्यातला शोमरोनी तरी कुठे यरुशलेमच्या मंदिराचा होता?

त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, परीट घरातला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. डेबूने मामाची गुरं राखली, नांगर धरला, घाम गाळून शेती वाढवली. पण मामा सावकाराच्या कागदात अडकला आणि जमीन हातची गेली. अक्षर न येणाऱ्या माणसाचा अंगठा कसा त्याच्याच गळ्याला लागतो, हे या पोराने घरातच पाहिलं. पुढे आयुष्यभर ते लोकांना बजावत राहिले की सण-लग्नासाठी, तीर्थासाठी कर्ज काढू नका, दारू सोडा, आणि घरातली भांडी मोडावी लागली तरी पोरांना शिकवा. हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, भोगलेलं होतं.

मुलीच्या बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची रीत होती. डेबूजींनी गोड जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते मागे हटले नाहीत.

1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि एक फुटकं मातीचं गाडगं. ऊन लागलं की तेच डोक्यावर, भूक लागली की तीच थाळी. गावात आले की आधी रस्ता, नाली झाडायची, कुणाची लाकडं फोडून द्यायची आणि मग भाकर मागायची. फुकट खायचं नाही. कुणी पाया पडायला आलं तर ते पळ काढायचे. रात्री कीर्तन, तेही लोकांनाच प्रश्न विचारत, त्यांच्याच बोलीत.

भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून गाव आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, चढ उभा. म्हातारी माणसं घसरायची. डेबूजी त्यांना हात देऊन वर काढायचे. पण दरवर्षी हात देत बसण्यापेक्षा इथे घाटच पाहिजे, हे त्यांनी ओळखलं आणि लोकांकडून पैसा उभा करून 1908 च्या सुमाराला घाट बांधून घेतला. त्याच यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना पंगतीला बसवून ते जेवू घालायचे. आपला प्रभूही मेजवानी करताना कुणाला बोलवायला सांगतो, ते लूकच्या 14 व्या अध्यायात काढून बघा. यादी तीच आहे!

आणि आता उतारशाळेकडे या. मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरला ज्यांना अस्पृश्य म्हणून दुसरीकडे ओसरीही मिळत नव्हती, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांना टेकायला जागा केली. एवढा पैसा त्यांच्या शब्दावर आला, पण त्यांच्या हाताला चिकटला नाही. 1952 मध्ये कामाचा ट्रस्ट करून दिला. ते स्वतः शेवटपर्यंत गाडगंच घेऊन हिंडले. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, वाटेतच त्यांचा प्राण गेला.

प्रियांनो, कुणी म्हणेल, तारण कृपेने आहे, कृत्यांनी नाही. अगदी खरं. मीही तेच मानतो. पण मग हा प्रश्न आणखी टोचतो. ज्यांना कृपा फुकट मिळाली त्यांची मूठ इतकी घट्ट का? याजक आणि लेवी यांना नियमशास्त्र येत नव्हतं असं थोडंच आहे! आपल्याला वचन येतं, अध्याय येतो, ओवीचा आकडाही येतो. प्रभू तिथे परीक्षा घेत नाही. तो विचारतो की वाटेवर पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, आणि मग जाऊन तसंच करायला सांगतो.

इर्विन, डफरीनच्या आवारात किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये एखाद्या संध्याकाळी चक्कर मारा. मेळघाटातून, खेड्यातून पेशंटला घेऊन आलेले नातेवाईक पिशवी उशाला घेऊन भिंतीशी बसलेले दिसतील. यरीहोची वाट इतकी जवळ आहे.

या नाताळात एक करू या. आपल्या पगारातला, मजुरीतला दोन दिवसांचा रोज बाजूला काढू. केक, नवे कपडे, चर्चचं दान यांच्यातून वळता केलेला नको, वेगळा. तो स्वतः नेऊन द्यायचा, ज्याला द्यायचा त्याचं नाव-गाव विचारायचं. आणि शोमरोन्यासारखं, जानेवारीत परत जायचं. पहिल्यांदा देणं सोपं असतं. परत जाण्यात माणसाची कसोटी लागते.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला दिलेलं आमच्याच हातात अडकून राहू नये असं कर. जे वाटेवर पडलेत ते आम्हांला दिसू दे, आणि दिसल्यावर दुसऱ्या बाजूने निघून जाण्याची आमची सवय मोड. परक्याच्या दयेतूनही शिकायची नम्रता दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.