पोलिसांच्या गाड्या शोधत राहिल्या, पण उषा मेहतांचा रेडिओ ३ महिने मुंबईत फिरत राहिला

वर्ष १९४२. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसकट काँग्रेसचे मोठे नेते उचलले गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, रेडिओ तर सरकारच्याच हातात होता. देशात काय चाललंय हे लोकांना कळायचा रस्ताच बंद झाला.

अशा वेळी २२ वर्षांच्या एका मुलीने ठरवलं, आपलं स्वतःचं रेडिओ स्टेशन काढायचं.

तिचं नाव उषा मेहता.

२५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावात त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्या सायमन कमिशनविरोधी मोर्चात होत्या. वडील मात्र इंग्रज सरकारात न्यायाधीश. ते १९३० मध्ये निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. उषाबेन खादी वापरू लागल्या, गांधीजींच्या कामात पडल्या. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला. १९४२ ला तोही सोडला.

रेडिओच्या कामात बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे साथीदार होते. काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांनी सामानाची मदत केली. ट्रान्समीटर जुळवला नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. पुढे डॉ. राममनोहर लोहियाही सोबत आले.

ऑगस्ट संपता संपता ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. हिंदी आणि इंग्रजीतून बातम्या जायच्या. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरमध्ये काय घडलं, जमशेदपूरच्या कामगारांनी संप कसा केला, हे सगळं या रेडिओने लोकांना सांगितलं.

आता मुद्दा असा होता, की बोलणारा रेडिओ लपत नाही.

पोलिसांकडे रेडिओ शोधणाऱ्या गाड्या होत्या. अशा गाडीचं तंत्र सोपं आहे. वेटोळ्याच्या आकाराची अँटेना हळूहळू फिरवायची. एका ठराविक दिशेला आवाज एकदम बारीक होतो. त्यावरून स्टेशन कुठल्या रेषेत आहे ते कळतं. मग गाडी दुसऱ्या ठिकाणी न्यायची आणि तिथूनही रेषा काढायची. नकाशावर दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात, तिथे स्टेशन.

म्हणून उषाबेन आणि त्यांचे साथीदार जागा बदलत राहिले. चौपाटीजवळची इमारत, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, गिरगावातली पारेख वाडी. रेकॉर्डिंग एका ठिकाणी आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी, अशीही सोय केली.

पेटी उचलली, टॅक्सीत टाकली आणि स्टेशन हललं, असं वाटू शकतं. पण खरी कटकट अँटेनाची असते.

अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीशी जुळावी लागते. ४२.३४ मीटरची लहर असेल तर अर्ध्या लहरीची तार साधारण २१ मीटर भरते आणि पाव लहरीची साडेदहा मीटर. तार गरजेपेक्षा लांब किंवा आखूड झाली, की पाठवलेली शक्ती हवेत न जाता उलटी ट्रान्समीटरकडे येते. आवाज लांब पोचत नाही आणि व्हॉल्व्ह तापतात. शेजारी पत्र्याचं छप्पर किंवा लोखंडी गज आले तरी जुळणी बिघडते. म्हणजे प्रत्येक नव्या जागी तार पुन्हा ताणायची आणि पुन्हा जुळवायची, तेही शेजाऱ्यांना संशय येऊ न देता.

मग स्टेशन गाडीवरच का नाही बसवायचं?

कारण पाव लहरीची काठी म्हणजे तीन मजली इमारतीएवढी उंची. अमेरिकेतल्या ट्रकवर जो सीबी रेडिओ असतो त्याची लहर ११ मीटरची, त्यामुळे पावणेतीन मीटरची काठी पुरते. कॉइल लावून ती आणखी आखूड करता येते. तिथे गाडीचा पत्राच अँटेनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काम करतो. म्हणून बुडाशी गंज चढला किंवा नट ढिला झाला तरी जुळणी जाते. ४२ मीटरच्या लहरीला गाडीवर बसेल एवढी काठी केली तर बरीच शक्ती वाया जाते. ऐकायला मात्र छोटी अँटेना चालते. म्हणून शोधणारे गाडीत होते आणि बोलणारे इमारतीत.

तरीही जवळपास ३ महिने रेडिओ सापडला नाही. शेवटी तो फुटला तो आतल्या माणसामुळे. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनीच जागा दाखवली.

तो दिवस होता १२ नोव्हेंबर १९४२. धरपकड सुरू झाल्याची खबर उषाबेनना लागली होती. निघून जायला वेळही होता. पण संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला होता. त्या चंद्रकांत झवेरींसोबत महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात गेल्या आणि रेडिओ सुरू केला. पोलीस दारं फोडून आत आले तेव्हा वंदे मातरम्‌ची रेकॉर्ड वाजत होती.

पुढचे काही महिने चौकशी झाली. एकांतात ठेवलं, परदेशात शिकायला पाठवायचं आमिषही दाखवलं. पण त्यांनी कुणाचंही नाव दिलं नाही. विशेष न्यायालयाने त्यांना ४ वर्षांची शिक्षा दिली आणि त्या येरवड्याला गेल्या. मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले.

१९४६ मध्ये उषाबेन बाहेर आल्या तेव्हा तब्येत खालावली होती. त्यांनी पुन्हा अभ्यास हाती घेतला आणि गांधीविचारावर पीएचडी केली. विल्सन कॉलेजात ३० वर्षं शिकवलं. मणिभवनाच्या कामात त्या अखेरपर्यंत होत्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

११ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच्या दोनच दिवस आधी, अंगात ताप असताना, त्या ऑगस्ट क्रांतीदिनाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्या होत्या.