आदिशक्ती मुक्ताई : तापीतीरीचे अंतर्धान

माघ वद्य एकादशी उजाडली, की खानदेशातील वाटा तापी-पूर्णेच्या संगमाकडे वळू लागतात. जळगाव-धुळ्याकडून, पलीकडच्या बऱ्हाणपुराकडून, शेजारच्या बुलढाण्याकडून भाविक येतात. कोणी चांगदेवाच्या राउळाशी उतरतात, कोणी मुक्ताईच्या देवळाशी, आणि महाशिवरात्रीपर्यंत तो सारा परिसर हरिहरांच्या नामाने भरून राहतो. योगिराज चांगदेव शिष्य आणि वयाने केवळ लेकरू असलेली मुक्ताई त्यांची गुरू, अशी ही गुरुशिष्यांची जोडयात्रा अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

ह्या यात्रेत कीर्तन आटोपून खाली उतरले, की एक प्रश्न हमखास कानी येतो. मुक्ताई नेमकी कोठे गुप्त झाली, मुक्ताईनगरालगतच्या कोथळीस की तापीकाठच्या मेहुणास? दोन्ही गावी तिची देवळे आहेत आणि दोन्ही गावांची परंपरा अंतर्धानस्थान म्हणून आपल्याच भूमीकडे बोट दाखविते. त्यात मुक्ताईनगर, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातले एदलाबाद, येथेही नवे प्रशस्त मंदिर उभे आहे. विचारणारा तरुण असला तर प्रश्नाला थोडी उपहासाची धार असते. वृद्ध असला तर स्वर कातर असतो. आयुष्यभर ज्या उंबऱ्यावर डोके टेकले तो खरा होता की नव्हता, ही त्याची चिंता असते. हा दुसरा प्रश्न मनाला लागतो. त्यास उडवाउडवीचे उत्तर देणे मला कधीच रुचले नाही, आणि म्हणून आजच्या पर्वानिमित्ताने मुक्ताईचे चरित्रच वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांची ही चौथी आणि सर्वांत धाकटी संतती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान हे तिचे वडील बंधू. तिचा जन्म आश्विन शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे नवरात्राच्या घटस्थापनेच्या दिवशी झाला असे मानतात. परंतु वर्षाविषयी एक परंपरा शके ११९९ सांगते, तर दुसरी शके १२०१. जन्मस्थानाविषयीही कोणी आळंदी म्हणतात, कोणी गोदाकाठचे आपेगाव. म्हणजे ज्या जीवनाच्या अखेरीविषयी आपण वाद घालतो, त्याच्या आरंभाविषयीही एकवाक्यता नाही. तरीही ह्या चार भावंडांवाचून महाराष्ट्राचे अंतःकरण कसे असते याची कल्पनाही करवत नाही.

विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला होता आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुनश्च गृहस्थाश्रमात आले. संन्याशाची मुले म्हणून समाजाने त्या कुटुंबास वाळीत टाकले. मुलांची मुंज व्हावी म्हणून पंतांनी धर्मसभेपुढे पदर पसरला, तेव्हा देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय मिळाला, आणि पतिपत्नींनी प्रयागी देह गंगार्पण केला असे परंपरा सांगते. त्या वेळी मुक्ता किती लहान असेल! घरातली एकुलती मुलगी, आणि आईची सावली हरपलेली. भावांना दोन घास करून घालणे हेच तिचे बाळपण झाले. तिच्या अभंगांत लडिवाळपणा आणि वडीलकी यांचे जे अपूर्व मिश्रण आढळते, त्याचे मूळ ह्या अकाली आलेल्या गृहिणीपदात असावे असे मला वाटते.

पुढे शुद्धिपत्रासाठी भावंडे पैठणास गेली, तेथून नेवाशास आली. नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका पूर्ण केली. मुक्ताई तेव्हा अकरा-तेरा वर्षांची असेल. निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून लाभलेला अनुग्रह धाकट्या तिघांनाही त्यांच्याकडूनच मिळाला. वडील भाऊच गुरू असल्यामुळे घर हाच तिचा आश्रम ठरला.

विसोबा चाटीने कुंभाराकडून परळ मिळू दिला नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. तोच विसोबा पुढे विसोबा खेचर होऊन नामदेवांचा गुरू झाला. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता थापटण्याने कोणते मडके कच्चे ते पाहावे, असे मुक्ताईनेच सुचविले. नामदेवांचे मडके कच्चे निघाले आणि ते रुसून निघून गेले. लहान मुलीने थोरामोठ्यांच्या मेळ्यात असे बोलणे आजही कित्येकांना रुचणार नाही. पण त्या एका बोलामुळेच नामदेव औंढ्या नागनाथास विसोबांकडे गेले.

ताटीचा प्रसंग याहून कोवळा आहे. लोकांच्या बोलाने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. निवृत्तिनाथांसारखा गुरू असताना दाराशी जाऊन समजूत घालण्याचे काम धाकट्या बहिणीने केले. विश्व रागाने पेटले तरी संताने पाणी व्हावे, असा तिच्या सांगण्याचा भाव आहे. ते सारे अभंग तिचेच काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. असोत. पण ज्या कोणी ते जुळविले, त्याला ते मुक्ताईच्याच मुखी घालावेसे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता चांगदेव. योगबळाने चौदाशे वर्षे काळास चुकविलेले हे सिद्धपुरुष ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास बसले. पण चिरंजीव लिहावे तर तो ज्ञानाने वडील, तीर्थरूप लिहावे तर तो वयाने बालक, अशा पेचात त्यांनी कोरा कागदच धाडला. तो पाहून, इतकी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असा अभिप्राय मुक्ताईने दिला. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. मग वाघावर बसून, सर्पाचा चाबूक करून चांगदेव भेटीस आले आणि भावंडे बसल्या भिंतीसह सामोरी गेली. चांगदेवांचा अभिमान गळाला. पण उपदेश त्यांना मुक्ताईकडून मिळाला. चौदाशे वर्षांचा शिष्य आणि चौदा वर्षांची गुरू, असे आम्ही कीर्तनकार म्हणतो तेव्हा श्रोत्यांच्या माना डोलतात. ही चौदाची संख्या कीर्तनाचा अलंकार आहे; पण स्त्रीला, तीही वाळीत टाकलेल्या घरातल्या बालिकेला, सिद्ध योग्याने गुरू मानिले ही सांप्रदायिक स्मृती सातशे वर्षे कोणी पुसू शकलेले नाही.

चांगदेवांच्या बाबतीतही स्थानाचा प्रश्न सुटलेला नाही. संगमावरील चांगदेव गावी काळ्या पाषाणाचे, यादवकालीन धाटणीचे जे भव्य देऊळ आहे, ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु त्यांची समाधी म्हणून गोदाकाठचे पुणतांबे प्रसिद्ध आहे. चांगा वटेश्वराच्या नावाचा तत्त्वसार हा ग्रंथ तर शके १२३४ मध्ये हरिश्चंद्रगडावर रचला गेला. म्हणून चांगदेव एकच की अनेक, असा विद्वानांत विचार चालतो. गंमत अशी, की ह्याच खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आणखी एका चांगदेवाचे नाव शिलालेखात कोरलेले आहे. तो भास्कराचार्यांचा नातू, सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने इ. स. १२०७ च्या सुमारास तेथे मठ स्थापिला. त्या ज्योतिषी चांगदेवासाठी दगड साक्ष देतो, योगी चांगदेवासाठी लोकांची जीभ. दोन साक्षी भिन्न जातीच्या आहेत. एकीचे काम दुसरीकडून करवून घेऊ नये. पाटणचा चांगदेव आणि संगमावरचा चांगदेव एकच, असे कोणी सभेत ठोकून देतो तेव्हा दोघांचीही हानी होते.

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. पाठोपाठ मार्गशीर्षात सासवडास सोपानदेव गेले. उरली दोघे, सर्वांत थोरला आणि सर्वांत धाकटी. ज्या भावांना जेवू घातले त्यांच्यावर शिळा लोटलेली मुक्ताईने पाहिली. तिचे मन देहावरून उडाले. निवृत्तिनाथ आणि संतमंडळी तिला घेऊन उत्तरेस तापीकाठी आली. शके १२१९ च्या वैशाख वद्य दशमीस, इ. स. १२९७ मध्ये, भर उन्हाळ्यात आभाळ दाटले, वीज कडाडली, आणि डोळे दिपून पुन्हा उघडेपर्यंत मुक्ताई तेथे नव्हती. वय फार तर वीस वर्षे.

हा प्रसंग नामदेवांच्या नावावरील समाधिप्रकरणाच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आला. त्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्यासारख्यांच्या रचना मिसळल्या आहेत आणि पोथीपोथीत पाठ बदलतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा त्यांच्या आधारे शेताच्या बांधापर्यंत जागा मोजून देता येणार नाही. शिवाय आळंदीस, सासवडास, त्र्यंबकेश्वरास समाधी आहे; येथे देहच राहिला नाही, शिळा कशावर बसवावी? ज्या काठी ती लोपली तेथल्या माणसांनी आपापल्या आठवणीने खूण केली. एकाने कोथळीस केली, दुसऱ्याने मेहुणास. तापीचे पात्र पुरापुरात किती फिरले असेल, गावे किती वेळा उठली-बसली असतील!

आणि समाधी असूनही विस्मरण होतेच. आळंदीची समाधीच झाडाझुडपांत लपून गेली होती. अजानवृक्षाची मुळी कंठास लागल्याचा दृष्टान्त झाला म्हणून एकनाथमहाराजांनी जाऊन तिचा शोध घेतला, असे आपण सर्व जण श्रद्धेने सांगतो. तीनशे वर्षांच्या आत माउलीची जागा झाकली जाते, तर मुक्ताईच्या जागेविषयी दोन मते पडली यात नवल ते काय? त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि अपपाठ काढून टाकले. संशोधन म्हणजे नास्तिकता असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये. आपल्या धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचे दिवस काढले आणि १९२६ साली देह ठेवला. ज्ञानेश्वरीची जुनी प्रत शोधून १९०९ साली ती छापणारे हेच. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थांची बाडे गावोगाव हिंडून गोळा केली. एक कठोर चिकित्सक, दुसरा समर्थभक्त; पण कागद दोघांनीही सारख्याच निगुतीने जपला.

महाशिवरात्रीच्या दिवशी ज्या बारा ज्योतिर्लिंगांचे आपण स्मरण करतो, त्यांतही वाद आहेतच. वर उल्लेखिलेले औंढे आपण नागेश म्हणून पूजितो, गुजरातेतले लोक द्वारकेजवळच्या नागेश्वरास जातात. वैद्यनाथ म्हणजे आपले परळी, की बिहारच्या बाजूचे, आता झारखंडात असलेले देवघर? भीमाशंकराविषयी आसामही आपला हक्क सांगतो. संस्कृतात तीर्थ हा शब्द तरणे ह्या धातूपासून झाला. मूळ अर्थ नदीचा उतार, जेथून पलीकडे जाता येते ती जागा. एका नदीला उतार अनेक असतात आणि कोणीही नावाडी दुसऱ्या उतारास लबाड म्हणत नाही.

मात्र ह्या अर्थाचा आधार घेऊन वाटेल तेथे तीर्थ उभारावे, नवे माहात्म्य रचून ते प्राचीन म्हणून विकावे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तो व्यापार झाला. कीर्तनकाराने परंपरा सांगते असे म्हणावे, इतिहास सांगतो असे म्हणू नये. हा एक शब्द बदलल्याने श्रोत्याची भक्ती कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही. आणि त्या वृद्ध यात्रेकरूस एवढेच सांगतो, की ज्या उंबऱ्यावर त्याने डोके टेकले तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुक्ताईचेच नाव घेतले गेले आहे, आणि ती ह्या तापीच्या परिसरात लोपली याविषयी दोन्ही गावांचे एकमत आहे. उरलेल्या अंतराचे भांडण त्याने आपल्या शिरी घेऊ नये.

मुक्ताई गेल्यावर निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरास गेले आणि महिनाभराने, ज्येष्ठ वद्य द्वादशीस, समाधिस्थ झाले. आठ महिन्यांत चारही भावंडे गेली. आज ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघते ती बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडीत, महिन्याहून अधिक काळ चालून आषाढी एकादशीपूर्वी पंढरीस पोहोचते. इतक्या दूरवरून पायी येणारा मानाचा दुसरा सोहळा विरळा.

यात्रेस जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. हतनूर धरण झाल्यापासून संगमाशी पाणी फार पसरलेले असते. स्नानाच्या वेळी लेकरांचा हात सोडू नये. चांगदेवाच्या देवळातील कोरीव दगडांस तेल-शेंदूर फासू नये, तो ठेवा पुन्हा घडविता यावयाचा नाही. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी संगमावरून कोथळी, मुक्ताईनगर आणि मेहूण अशी सर्व दर्शने घ्यावीत. ज्यांना एकच घडेल त्यांनी जे जवळ असेल ते घ्यावे. आणि ज्यांना आज निघणे होत नाही, त्यांच्यासाठी वैशाख वद्य दशमीचा अंतर्धान सोहळा आहे. तेव्हा खानदेशात ऊन मी म्हणत असते, म्हणून पहाटेच निघावे.