अल्पमतांतील नामदार गोखले

सभागृहांत ज्याची बाजू संख्येनें लहान, त्यानें बोलून उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी माणसें नेहमीं विचारतात. मतें मोजण्यापूर्वींच निकाल ठरलेला असेल, तर भाषणाची मेहनत म्हणजे बुडीत खातीं घातलेली रक्कम होय, असें त्यांस वाटतें. हा समज किती अपुरा आहे हें पाहावयाचें असल्यास गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र पाहावें. त्यांतील एक भाग, म्हणजे परदेशीं करारानें पाठविल्या जाणाऱ्या मजुरांसाठीं त्यांनीं कायदेमंडळांत केलेलें काम, आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. घरची स्थिति बेताची. वडील लवकर वारले आणि थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःची ओढाताण सोसून धाकट्या भावास शिकविलें. १८८४ सालीं पदवी मिळाल्यावर गोखले पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटींत शिरले व १९०२ पर्यंत त्यांनीं अल्प वेतनावर अध्यापन केलें. सरकारी अहवाल बारकाईनें वाचण्याची व आंकड्यांस आंकडे ताडून पाहण्याची शिस्त त्यांस न्यायमूर्ति रानडे यांच्या हाताखालीं लागली.

त्यांच्या आयुष्यांतील एक कडू प्रसंगही सांगितला पाहिजे. १८९७ सालीं इंग्लंडांत असतां, पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सोजिरांनीं केलेल्या अत्याचारांविषयीं आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनीं जाहीर विधान केलें. परत आल्यावर तें शाबीत करण्यास साक्षीदार पुढें येईनात, तेव्हां त्यांनीं माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनींच त्यांची निर्भर्त्सना केली. पण हा चटका वायां गेला नाहीं, असें आम्हांस वाटतें. पुढें कायदेमंडळांत ते जें बोलले, त्यांतील आंकडा खोडून काढणें प्रतिपक्षास क्वचितच साधलें.

१९०२ सालीं ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळांत बसूं लागले, तेव्हां १८९२ चा कायदा चालू होता. लोकपक्षीय सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मोकळीक होती, मत देण्याची नव्हती. तरीही वर्षानुवर्षें त्यांनीं एकच मुद्दा लावून धरला कीं, खजिन्यांतील शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून गरिबांवर बसविलेल्या जादा कराची खूण आहे. तर मिठावरील कर उतरवावा आणि उरेल तो पैसा प्राथमिक शिक्षणास, तसेंच शहरांतील पाण्याच्या व गटारांच्या कामांस द्यावा. पुणें नगरपालिकेचें अध्यक्षपद त्यांनीं सांभाळलें होतें. तुंबलेल्या गटाराचा व रोगराईचा संबंध त्यांस पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. मिठाचा कर दर मणीं अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला. याचें सारें श्रेय एकट्या गोखल्यांस देणें योग्य नव्हे. पण मताचा अधिकार नसलेल्या सभासदाचा आवाज हिशेबापर्यंत पोहोंचतो, एवढें यावरून दिसून आलें.

१९०९ च्या सुधारणांनीं ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. सरकारी बहुमत मात्र तसेंच राहिलें. या हक्काचा उपयोग गोखल्यांनीं गिरमिटियांसाठीं केला. १८३४ पासून मॉरिशस, पुढें डेमरारा, त्रिनिदाद, नाताळ, फिजी इत्यादि वसाहतींकडे हिंदी मजूर पांच वर्षांच्या करारानें नेले जात. अंगठा उठविणाऱ्यास आपण कोठें जातों व कोणत्या कायद्याखालीं जातों याची कल्पना बहुधा नसे. कामावर न जाणें हा तेथें दिवाणी कराराचा भंग न मानतां फौजदारी गुन्हा मानीत, व त्यासाठीं तुरुंग दाखवीत. शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया पाठविण्याच्या नियमानें संसारांची जी धूळधाण होई ती वेगळीच. ही कथा दूरची नव्हे; मॉरिशसला गेलेल्यांत आमच्या कोंकणांतील व देशावरील मराठी कुटुंबेंही होतीं.

नाताळांत तर करार संपल्यावरही सुटका नव्हती. मजुरानें पुन्हां करार करावा, मायदेशीं परतावें, किंवा दरसाल तीन पौंड कर भरावा, असा तेथील १८९५ चा कायदा होता. करार सुरू होतांना मजुरास महिना दहा शिलिंग मिळत, आणि तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. हा हिशेब व्यापारी वाचकांस अधिक फोडून सांगण्याचें कारण नाहीं.

२५ फेब्रुवारी १९१० रोजीं गोखल्यांनीं नाताळसाठीं मजूर-भरती बंद करण्याचा ठराव मांडला. नाताळचे उंसाचे मळे व कोळशाच्या खाणी हिंदी मजुरांवर चालत. तेव्हां विनवण्यांपेक्षां पुरवठा तोडणें हाच खरा उपाय, हें त्यांनीं हेरलें होतें. सरकारनें ठराव स्वीकारला, कायद्यांत दुरुस्ती केली आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली.

४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें व सर्वच वसाहतींकडील गिरमिट बंद करण्याचा ठराव आणला. खटल्यांचे, आत्महत्यांचे व स्त्रियांच्या दुर्दशेचे दाखले त्यांनीं सभेपुढें मांडले. ठरावास २२ मतें मिळालीं, विरुद्ध ३३ पडलीं. परंतु बिनसरकारी हिंदी सभासद सारे एका बाजूस उभे राहिले. त्याच महिन्यांत त्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिलही ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेंटाळलें गेलें. एका महिन्यांत असे दोन पराभव पाहून दुसरा कोणी घरीं बसला असता. गोखले त्याच सालीं, मधुमेहानें शरीर पोखरलें असतांही, दक्षिण आफ्रिकेस गेले, गांधींसह गांवोगांव फिरले आणि तेथील प्रधानांस भेटले. तीन पौंडांचा कर उठेल असा भरंवसा घेऊन ते परतले. परंतु तसें वचन दिल्याचें तेथील सरकारनें पुढें नाकारलें. १९१३ सालीं नाताळांतील हजारों मजुरांनीं संप केला, तुरुंग भोगले, गोळ्याही खाल्ल्या. तेव्हां कोठें १९१४ सालीं तो कर रद्द झाला. सभागृहांतील वाणीस बाहेरच्या त्यागाची जोड लागते, हेंही यावरून शिकण्यासारखें आहे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाचीं ४९ वर्षेंही पुरीं झालीं नसतां, गोखले वारले. पुढील वर्षीं मार्चमध्यें पंडित मदनमोहन मालवीय यांनीं त्याच कायदेमंडळांत तोच विषय मांडला, आणि लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारनें तो मान्य केला. १९१७ सालीं भरती थांबली व १९२० च्या आरंभीं फिजींतील उरलेले करारही रद्द झाले. चार वर्षांपूर्वीं बावीस मतांनीं जी रक्कम बुडालीशी वाटली होती, ती व्याजासह वसूल झाली. मात्र ती पाहावयास ठेवीदार उरला नव्हता.

आम्हांस यांतून एकच गोष्ट सांगावयाची आहे. नगरपालिकेंत असो कीं विधिमंडळांत, आपण निवडून दिलेला सभासद किती वेळां जिंकला एवढेंच विचारूं नये. त्यानें कागद वाचले काय, आंकडे तपासले काय, हरल्यावर तोच प्रश्न पुन्हां मांडला काय, हें विचारावें. असे प्रश्न विचारणारे मतदार जेथें नाहींत, तेथें गोखल्यांसारख्यांचा वारसा केवळ तसबिरींत व पुण्यतिथींत उरतो. आणि गल्लींतील गटार मात्र पावसाळ्यामागून पावसाळे तुंबतच राहतें.